सामानासकट किल्ल्यावर

शालनताईंना सहलीला न्यायचं ते सामान सांभाळायला. तोंडावर असं कुणी म्हणायचं नाही, पण अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या पंपांच्या कंपनीत सगळ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. बस थांबली की अकाउंट्सच्या श्यामकांत साहेबांचा मधाळ आवाज यायचा, "शालनताई, तुम्ही बसा हं निवांत सावलीत. उगाच दगडधोंड्यांत ठेचकाळाल! आणि सामानही आहेच." की बसल्या शालनताई पिशव्यांच्या ढिगाऱ्यात. माथेरानला तेच, लोणावळ्याला तेच, महाबळेश्वरला तर तब्बल तीन तास. निवांत म्हणे! निवांत कसलं डोंबल!

शालनताई म्हणजे कंपनीच्या टेलिफोन ऑपरेटर. चार वर्षांच्या असताना गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. आजूबाजूचे म्हणाले, आता हिला कोपऱ्यात बसवा. बाप खमका होता. "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं. डोळे असतील तरच शिका, असं नाही सांगितलं," म्हणाला, आणि पोरीला हाताला धरून अंधशाळेत घालून आला. पुढे ऑपरेटरचा कोर्स झाला, नोकरी लागली, सतरा वर्षं त्या बोर्डावर गेली. दीडशे नंबर तोंडपाठ. 'हॅलो' म्हटलं की माणूस ओळखणार, आणि त्याचं घरी भांडण झालंय की नाही तेही. राहायला वांगणीला. नवरा शंकर, तोही दृष्टिहीन, खुर्च्या विणायचा. वांगणीत पांढऱ्या काठीवाली बिऱ्हाडं पुष्कळ, त्यामुळे तिथे कुणी कुणाला 'बिचारी' म्हणत नसे. तो शब्द शालनताईंना फक्त कामावर ऐकू यायचा.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात सहल ठरली अलिबागची. भर समुद्रातला कुलाबा किल्ला. ओहोटीला म्हणे चालत जाता येतं.

"अगं, या खेपेलाही पिशव्या राखत बसलीस ना," शंकर म्हणाला, "तर आतून कडी लावून घेईन. सांगून ठेवतो."

"लावून तर बघा! कडी मीच बसवलीय," शालनताई म्हणाल्या. पण मनाला ते लागलं. या वेळी किल्ल्याला हात लावल्याशिवाय परत यायचं नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पेणला वडे हाणण्यात मंडळींनी तासभर घालवला. अलिबागला वाळूवर उतरल्यावर फोटो. मग आलाच तो मधाळ आवाज. "शालनताई, तुम्ही बसा हं निवांत. सुरूच्या झाडांची छान सावली आहे."

"मलाही यायचंय, साहेब."

"अहो, काय करणार येऊन? नुसतं पाणी आणि दगड!" श्यामकांत साहेब हसले. त्यांच्या मिसेस, कुमुदिनीवहिनी, त्याही हसल्या. चौदा पिशव्या आणि मसालेभाताचा डबा शालनताईंभोवती मांडून तीस माणसं किल्ल्याकडे निघाली.

शालनताईंचं डोकं असं तडकलं म्हणता! बरं, सामान सोडून जावं तर उद्या चोरीचा ठपका यायचा. तेवढ्यात घुंगरं वाजली. घोडागाडी.

"ओ गाडीवाले! किल्ल्यावर नेता का?"

"नेतो की, मावशी." गाडीवाला होता चंदू. जवळ आला, काठी पाहिली आणि घुटमळला. "पण मावशी, तिकडं बघायचं तर..."

"काय बघायचं ते मी बघते. तू या पिशव्या चढव. सगळ्या. तो डबा पण."

गाडी पाण्यात शिरली. चाकांनी उडवलेले तुषार तोंडावर आले, ओठ खारट झाले. शालनताईंना मोठ्याने हसू आलं. वाटेत ओळखीचे आवाज लागले. पेणच्या वड्यांनी खाल्लेला तास आता नडत होता. भरती लागून मधल्या पट्ट्यात पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं आणि "अहो, माझी रेशमी साडी!" म्हणून कुमुदिनीवहिनींनी फतकल मारायचीच बाकी ठेवली होती.

"शालनताई!" श्यामकांत साहेब ओरडले. "सामान! सामान कुठेय?"

"माझ्याजवळच आहे, साहेब! अजिबात काळजी करू नका!" आणि चंदूला म्हणाल्या, "हाण रे बाबा."

तो एक तास कुणाच्या बापाचा नव्हता. शालनताईंचा होता. दरवाज्यावरची कोरीव जनावरं हात पोचतील तेवढी त्यांनी चाचपली. तटाच्या दगडांत बोटं घातली. चंदू म्हणाला, यात चुना नाही मावशी, नुसता दगडावर दगड. तटावरच्या तोफेच्या चाकांवरून तळवा फिरवला, तोफेला गाल लावला. मग सावलीला बसून मसालेभाताचा डबा उघडला आणि चंदूला आधी वाढलं.

घोड्याच्या पोटाला लागलेल्या पाण्यातून परत आल्या तेव्हा मंडळी वाळूवर भुकेने कावलेली होती. अर्ध्यातूनच माघारी फिरली होती सगळी.

"ही काय पद्धत झाली?" श्यामकांत साहेबांच्या आवाजातला मध साफ आटला होता. "तुम्हाला काय दिसणार होतं तिथे?"

 शालनताईंनी काठी वाळूत रोवली.

"साहेब, किल्ला कुणी कुणी पाहिला? हात वर नका करू, तोंडाने सांगा."

श्यामकांत साहेब ओल्या पँटीचे पाय पिळू लागले.

"मग बसा खाली. मी पाहून आलेय. जेवता जेवता सांगते." आणि दरवाज्यापासून तोफेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. डब्यात भात जरा कमी भरला, पण तक्रार कुणी केली नाही.

सोमवारी सकाळी श्यामकांत साहेबांनी हेड ऑफिसला फोन जोडून मागितला. फोन जोडल्यावर ऑपरेटरने ऐकू नये हा नियम शालनताईंनी सतरा वर्षं पाळला होता. आज आपल्या हेडफोनचा प्लग काढायला हात गेला आणि कानावर शब्द आला, "किल्ला..." हात तिथेच थांबला.

"काय तट आहे, सर!" श्यामकांत साहेब रंगात आले होते. "चुन्याचं नाव नाही. नुसता दगडावर दगड. मी स्वतः फटीत बोट घालून पाहिलं ना!"

शालनताईंनी माईक ओठांजवळ ओढला.

"साहेब, तोफ सांगायची राहिली," त्या म्हणाल्या. "उन्हाने तापलेली असते. गाल भाजतो."