बाकावर टाकलेली फडकी

समुद्रपूरच्या मोटार-स्टँडजवळचं ते हॉटेल म्हणजे पूर्वीची कलाली, दारूचं दुकान. दारूबंदी झाली, पिंपं गेली, त्यांच्या जागी चहाची भट्टी आली. पण गिऱ्हाईक तेच राहिलं आणि त्यांची रीतही तीच. चहासुद्धा डोळे मिटून, एका दमात प्यायचे आणि गिलास असा आपटायचे, जणू मोठा पराक्रम केला. मग पत्ते, मग कापसाच्या भावावरून भांडण, मग पुन्हा चहा. भज्यांच्या धुरात दिवसभर नुसता गलका चाले.

तिथला एक कायदा मात्र कलालीच्या काळापासून कुणी मोडला नव्हता. बाकावर ज्याचा दुपट्टा, त्याची जागा. माणूस बाजार करून येवो की शेतात फेरी मारून, पाटील आला तरी त्या दुपट्ट्याला हात लावायचा नाही. पिऊन डोकी फुटू नयेत म्हणून केलेला कायदा होता म्हणे. दाराजवळ बसणारा एक म्हातारा त्याचा राखणदार. कुणी दुपट्टा नुसता सरकवला तरी तो त्याची आयमाय काढायचा.

आम्हा बायांच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. मी आणि माझी सासू शेजारच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होतो, दिवसभर उभ्यानं. दुपारच्या सुटीत आम्हाला चहा मिळायचा तो मागच्या खिडकीतून, आपापल्या लोट्यात, तळाचा, निवलेला. नालीच्या काठाशी उकिडवं बसून तो प्यायचा. पहिल्या निवडणुकीत मत देऊन आलो होतो, राज्य कुणी करायचं ते सांगून आलो होतो, आणि साध्या बाकावर टेकायची सोय नव्हती! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला त्या बाकावर बसून, गिलासातून, गरम चहा प्यायचा होता. बस्स, एवढंच.

“सोड व तो नाद,” सासू म्हणायची. तिचं त्या जागेशी जुनं वैर. सासरे कलालीचे रोजचे गिऱ्हाईक होते. संध्याकाळी ती दाराबाहेर उभी राहून हाका मारायची आणि ते आतून हसायचे. सासरे जाऊनही बरीच वर्षं झाली, पण तो उंबरा तिनं कधी ओलांडला नव्हता.

एका सकाळी कामावर जाताना हॉटेल नुकतंच उघडलेलं दिसलं. मालक भट्टी पेटवत होता, बाकं रिकामी. जिनात रुईचा फुफाटा उडतो, म्हणून आम्ही सगळ्याजणी नाकातोंडाला फडकं बांधायचो. ते मी खांद्यावरून काढलं, आत शिरले आणि बाकावर टाकलं. मागच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पटापट आपलीही टाकली. सासूचं तर मी तिच्या खांद्यावरून ओढूनच घेतलं. त्या दिवशी पदरावर भागवलं; खोकून खोकून जीव गेला.

दुपारी येऊन पाहतो तर सगळे बाप्ये भिंतीला टेकून उभे.

“उचला न हे फडके!” म्हणत एकानं हात पुढे केला.

“हात नोको लावू!” म्हातारा गरजला. “ज्याचा कपडा त्याची जागा. पाटलानं पाळलं, तू कोन लागून गेला?”

आम्ही त्याला नको होतो, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण आपलाच कायदा त्याच्यानं मोडवेना.

आम्ही बसलो. चटका देणारे गिलास आले. मी फुंकर न मारताच प्याले, जीभ पोळली आणि मला हसू आवरेना. जिंकलो होतो आम्ही!

सासू अजून दारातच होती. मी हाताला धरून तिला आत आणलं. आधी ती टोकाशी टेकली. दोन घोट घेतल्यावर मागे रेलली, दुखरे पाय लांब केले आणि सगळं हॉटेल डोळे भरून पाहिलं.

“चांगलं आहे की व,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मले वाटे, घरात माह्यातच काई कमी आहे, म्हनून थो मानूस इथं येऊन बसते.”

तेवढ्यात जिनाचा भोंगा झाला. आम्ही लगबगीनं उठलो.

“बाई, भोंगा झाला न,” म्हातारा तिला म्हणाला.

“आयकला म्या,” सासू म्हणाली. पाय तसेच लांब ठेवून तिनं मालकाला हाक मारली, “अजून एक चहा आनजो. सावकाश आन, मले घाई नाई.”