घाट दोनदा चढल्याचं लिवा, आप्पा

सायकलच्या मडगार्डखाली चिखल साचतो, कितीही धुतला तरी थोडा उरतोच. आमच्या त्या तीन रविवारांचं तसंच झालंय. मालन, सुशीला आणि मी भेटलो की त्यातला एखादा किस्सा निघतोच.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बायकांची तीन टप्प्यांची सायकल शर्यत ठरली होती: चिकोडी ते निपाणी, निपाणी ते संकेश्वर, संकेश्वर ते बेळगाव. कमिटीतले पुरुष म्हणाले, "निपाणीच्या घाटात बायकांना ट्रकनं न्यावं." आम्ही तिघी अडून बसलो. शेवटी ठरलं की रस्ता आधी आम्ही सायकलनं जाऊन बघायचा. घाटात एकीचाही पाय टेकला नाही, तर घाट शर्यतीत राहणार. खात्री करायला मागून जीप घेऊन आप्पा येणार. आप्पा म्हणजे आमचे शाळेतले पीटीचे सर, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले.

* * *

पहिल्या रविवारी चिकोडीच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं सुशीलाला अडवलं. सुशीला वडगावच्या विणकराची पोर, तोंडानं फटकळ.

"पँट कुणाची गं?"

"भावाची."

"मग त्यो काय घालून फिरतोय?"

"त्यो घरात भाकऱ्या थापतोय. त्याला लागत न्हाय."

* * *

आप्पांनी रस्त्याचा कागद केला होता. त्यात चहाची एकूण एक हॉटेलं होती. मालननं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "सर, एवढा चहा पिऊन आम्ही जायाचं कुठं?"

आप्पा लाजले. "ते तुमचं तुम्ही बघा."

आम्ही बघितलं. रस्त्याकडेचे उंच उसाचे सहा फड हेरले आणि कागदावर खुणा केल्या. सहाव्या फडात एक बाई पाणी पाजत होती. तिनं विचारलं, "शर्यत कवा हाय?"

"माघात."

"तवर ह्या उसाची साखर हुतीया, बाई."

मी शेतकऱ्याची लेक, तरी माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. सहाही खुणा खोडल्या आणि लिहिलं: दर पाच मैलांना तट्ट्याचा आडोसा.

आप्पा म्हणाले, "पुरुषांच्या शर्यतीला एवढं लागलं न्हाय."

मालन म्हणाली, "त्यास्नी अख्खा रस्ता हाय की."

आडोसे मंजूर झाले.

* * *

दुसऱ्या रविवारी संकेश्वरच्या पुढं एका आजीनं आम्हाला थांबवून तिघींची ओटी भरली. तांदूळ, नारळ, सगळं रीतसर. मी म्हटलं, "आजी, शर्यतीत असं थांबता यायचं न्हाय."

आजी कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "तू थांबू नको. मी पळत भरतो."

* * *

घाट आप्पांनी मुद्दाम शेवटच्या रविवारी ठेवला होता. त्या दिवशी निम्म्या घाटात त्यांची जीप तापली. ते पाणी शोधत मागं राहिले. आम्ही तिघी वर पोचलो. एकीचाही पाय टेकला नव्हता.

अर्ध्या तासानं आप्पा आले. "चढलासा?"

"व्हय."

"पर मी बघितलं न्हाय. न बघता सही कशी करू?"

आप्पा वाईट नव्हते. शाळेतसुद्धा न बघता त्यांनी कुणाला मार्क दिले नव्हते. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी येऊ." सुशीलानं बाटलीतलं उरलेलं पाणी संपवलं आणि सायकल फिरवली.

"चला आप्पा, गाडी वळवा."

आम्ही खाली उतरलो आणि पुन्हा चढायला लागलो. या खेपेला जीप माणसाच्या चालीनं मागं होती. आप्पा खिडकीतून मुंडकं काढून आमच्या पायांकडं बघत होते. शेवटच्या वळणावर मला डोळ्यांपुढं रस्ता दिसेना, नुसतं सुशीलाचं मागचं चाक दिसत होतं. त्याच्यामागं मी गेले. माझ्यामागं मालन.

वर आल्यावर आप्पांनी कागद बॉनेटवर पसरला. 'तिघी घाट चढल्या. घाट ठेवावा,' असं लिहून सही केली.

सुशीलानं वाचलं. "दोनदा चढल्या, आसं लिवा."

"मी एकदाच बघितलं, पोरी."

सुशीलानं सायकल परत उताराकडं वळवली.

आप्पांनी पेनाचं टोपण काढलं.