शेवंताबाईची मिठी

पहूरजवळच्या त्या गावात कुणाकडे मयत झाली की पहिला निरोप पाहुण्यांना जातो आणि दुसरा शेवंताबाईला, असं लोक गमतीनं म्हणायचे. गंमत सोडली तरी ते खरंच होतं. दारावर बसायला गेलेल्या बायकांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचं, ही इकडची रीत. पण बऱ्याच जणी तोंडावर पदर घेऊन नुसता सूर काढतात. शेवंताबाईचं तसं नव्हतं. ती घरातल्या दुःखी बाईला दोन्ही हातांनी अशी कवटाळायची, की दगड होऊन बसलेली बाईसुद्धा हंबरडा फोडायची. "रडू द्या तिले," ती म्हणायची, "आत राह्यलं तर सडते." सत्तरीला टेकली तरी तिचं हे काम सुटलं नव्हतं.

गेल्या भादव्यात तिच्या डाव्या अंगाला पाण्यानं भरलेले फोड उठले. पाठीपासून निघून काखेखालून छातीपर्यंत पट्टाच आला. नागीण. या नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस हाती लागत नाही, हे गावात पोराटोरांनाही माहीत आहे. त्यावर दवाखान्यात गोळ्या मिळतात, हे मात्र कुणाला माहीत नाही. नवरा कौतिकनाना तसा जाणता माणूस. कापसावर कोणती फवारणी कधी मारायची, हे लोक त्याला विचारायला येत. पण त्यानंही बायकोला नेलं ते शेजारच्या गावच्या भगताकडे. भगतानं गेरू लावला, मंत्र पुटपुटला. नाना रोज सकाळी सुताचा दोरा लावून तोंड आणि शेपटामधलं अंतर मोजायचा. ते काही भेटलं नाही. खपल्या पडल्या तशी त्यानं देवीपुढं नारळ फोडला आणि गल्लीत खोबरं वाटलं. नागीण गेली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शेवंताबाईनंही.

नागीण गेली खरी, पण आग मागे ठेवून गेली. लुगड्याचा काठ घासला तरी तापलेलं उलथनं टेकवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसेना. नानाचा जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला सदरा घालून ती ओसरीवर बसून राहायची. कातडी मात्र स्वच्छ. पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं, म्हणून सून मयुरी तोंडानं बोलत नसली तरी भांडी जरा जोरात आपटायची. शेवटी जळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, की फोड गेले तरी आतली नस दुखावलेली राहते. वय झालेल्या माणसाला हे दुखणं महिनोन्महिने पुरतं, कधी वर्षंही. फोड उठल्याबरोबर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर कदाचित एवढं झालं नसतं. नाना मान खाली घालून ऐकत होता. डॉक्टरनं दिलेल्या कॅप्सूलनं गुंगी यायची आणि आग थोडी मागे सरायची, एवढंच.

मुक्ताईनगरकडे दिलेल्या लेकीला, कामिनीला, यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्याकडे केळीची कापणी, तिला आणखी घोर कशाला. फोनवर शेवंताबाई म्हणायची, "बरी हाये व माय, नागीण गेली."

होळीनंतर कामिनीचा नवरा जितेंद्र गेला. केळीचा ट्रक भरता भरता छातीत कळ आली आणि संपलं. चाळिशीही गाठली नव्हती पोरानं. निरोप आला तशी घरची माणसं जीप करून निघाली. वाटेत नाना म्हणाला, तिथल्या बायकांना आधी सांगून ठेवू, कामिनीला जरा जपून भेटायला लावतील.

"नका सांगू," शेवंताबाई म्हणाली. "आज जळलं तर जळू द्या. तिनं मले धरलंच पायजे."

परक्या लेकींना जन्मभर कवटाळणारी बाई, ती स्वतःच्या लेकीला कशी उणी पडू देईल? वाटभर ती दात आवळून बसली होती.

अंगणात पाऊल टाकलं आणि कामिनी माणसांतून वाट काढत धावत आली. ती कोसळली ती थेट आईच्या डाव्या खांद्यावर. शेवंताबाईचं मन तयार होतं, पण शरीराला कुणी विचारलं होतं? तिच्या तोंडून किंकाळी निघाली आणि दोन्ही हातांनी तिनं लेकीला ढकलून दिलं. कामिनी मागच्या बायकांच्या अंगावर पडली. रडण्याचा गलका थांबला. मग मागून कुणीतरी म्हणालंच, की रांडाव झालेली लेक आता आईलाही नको झाली. शेवंताबाई सांगायला गेली, पण तोवर पुन्हा आक्रोश सुरू झाला होता, त्यात तिचं कोण ऐकणार? कामिनीनं आपल्या रिकाम्या मनगटांकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुले बी माह्या हाताचा इटाळ झाला का, माय?"

एवढंच ती बोलली. आणि तिचं रडणं जे थांबलं, ते थांबलंच.

तेरावं झाल्यावर नाना तिला माहेरी घेऊन आला. ती कामं करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण डोळ्यांत टिपूस नाही. नानानं दुखण्याचं सांगून पाहिलं, पण नागीण गेली असं आईच फोनवर म्हणाली होती, म्हणून तिला ती सबब वाटली. शेवंताबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. अशा कोरड्या राहिलेल्या बायकांचं पुढं काय होतं, ते तिनं पाहिलं होतं. एका दुपारी तिनं लेकीला पुढ्यात बसवलं, सदरा बाजूला केला आणि कुठं जळतं ते दाखवलं. कामिनीनं पाहिलं. तिथं काही नव्हतंच. तेव्हा शेवंताबाईनं लेकीचा हात धरला, आपल्या हातानं त्या जागेवर ठेवला आणि दाबून धरला. तिचे ओठ पांढरे पडले, सर्वांग थरथरू लागलं, तरी ती सोडेना. शेवटी कामिनीनंच हात ओढून घेतला. तिला कळलं.

पण कळून बरं झालं असं कसं म्हणावं? लेकीच्या मनातला राग गेला आणि त्या जागी भीती येऊन बसली. त्या दिवसापासून ती आईपासून हातभर दूर बसू लागली. पाण्याचा तांब्याही हातात न देता जमिनीवर ठेवू लागली.

अक्षय्य तृतीयेची आखाजी आली. गल्लीतल्या सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्या, आयांच्या गळ्यात पडल्या, निंबाला झोके बांधले गेले. कामिनी ओसरीच्या कडेला बसून ते पाहत होती. शेवंताबाईला राहवलं नाही. तिनं उजवा हात पुढं केला आणि जवळ ये म्हणाली.

"नको माय. तुले दुखीन."

शेवंताबाईनं हात मागे घेतला. मग शेजारच्या सुनंदाबाईला हाक मारली. दोन वर्षांमागं सुनंदाबाईचा नवरा गेला, तेव्हा तिला रडवलं होतं ते शेवंताबाईनंच.

"सुनंदा, धर तिले," ती म्हणाली. "माह्या वाटचं धर. दोन्ही हातांनी."

सुनंदाबाई ओसरीवर आली. तिनं कामिनीला पोटाशी ओढलं. कामिनी आधी ताठ राहिली, अंग चोरून. मग तिचा बांध फुटला आणि महिनाभर आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. झोक्यावरच्या पोरींचं गाणं थांबलं.

शेवंताबाई खांबाला धरून समोर बसली होती. तिला हवं होतं तसंच झालं होतं. लेक रडत होती, आणि तिच्या पाठीवरून फिरणारा हात सुनंदाबाईचा होता.