अण्णांची छोटी बॅटरी

सांगतो, सांगतो. पण आधी चहाचा कप खाली ठेवा, आणि माझं संपेपर्यंत मला मूर्ख म्हणू नका. नंतर खुशाल म्हणा. सासुरवाडीत म्हणतातच.

आमचे सासरे, अण्णा, कुळगावात राहतात. त्यांच्या घरात जपायच्या गोष्टी दोन. एक त्यांची जुनी फटफटी. माई, म्हणजे आमच्या सासूबाई, लग्न होऊन आल्या त्या तिच्याच मागे बसून. दुसरी गोष्ट अण्णांचं हृदय. गेल्या वर्षी त्यात पेसमेकर बसवला. आता पेसमेकर हा शब्द काही माईंच्या तोंडात बसेना. त्या म्हणायच्या 'ह्यांची बॅटरी'. मग अख्खं घर तेच म्हणायला लागलं. 'अण्णा, बादली उचलू नका, बॅटरी आहे ना!'

लक्षात आलं? घरात बॅटऱ्या दोन!

ऑपरेशननंतर अण्णांची गाडी चालवणं बंद झालं. पण दर रविवारी मी चिखलोलीहून जायचं, किक मारायची आणि अण्णांनी ओट्यावर बसून डोळे मिटून तो धडधडाट ऐकायचा, हा नेम होता. एका रविवारी किक मारून मारून माझा पाय दुखला, गाडी ढिम्म. बॅटरी मेलेली. ती जुनी बॅटरी म्हणजे विटेसारखी जाडजूड, आणि त्या मापाची आता कुठेच मिळेना.

मी जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. तिथले लोक म्हणाले, छोटी सीलबंद बॅटरी घ्या आणि जुन्या डब्यात बसवा. वा! पुढच्या रविवारी सकाळी माई देवळात गेलेल्या असताना मी अण्णांना स्कूटरवर मागे घेतलं. निघताना ग्रुपवर मेसेज टाकला, 'अण्णांची बॅटरी संपली. मापाची मिळत नाही. उल्हासनगरला नेतोय. छोटी घालून बघतो, बाजूने स्पंज कोंबतो. चाललं तर चाललं.'

फोन खिशात टाकला आणि निघालो.

मेसेज कुठल्या ग्रुपवर गेला? अहो, 'आपलं कुटुंब'वर!

उल्हासनगरला बॅटरीच्या दुकानात सिंधी शेठने एक डबी काउंटरवर ठेवली. "देखो साईं, छोटी है, पर दम है."

अण्णांनी ती हातात घेतली. "एवढीशी? जावईबापू, ही माझ्या गाडीला पुरेल?"

"अण्णा, गाडीला सेल्फ-स्टार्टर नाही. दिव्याला नि ठिणगीला पुरेल."

एवढ्यात फोन थरथरला. बायको, सुजाता. मेसेज वाचून चिखलोलीहून माहेरी धावलेली. बाहेर रस्त्यावर टेम्पोवाले एकमेकांना हॉर्न मारत होते. मी एका कानात बोट घातलं.

"अहो, अण्णा कुठे आहेत?" तिचा आवाज चिरका.

"इथेच. बाकड्यावर बसलेत."

"बसलेत? आणि बॅटरी?"

"ती काढली. शेठला देऊन टाकली."

"काढली? कोण शेठ?"

"दुकानवाला गं. जुन्याच्या बदल्यात घेतो तो."

पलीकडे कोणीतरी हंबरडा फोडला. मला वाटलं, टीव्ही चालू असेल.

"आणि आत्ता अण्णा कशावर आहेत?"

"अण्णा? चहावर."

"अहो, डॉक्टर..." एवढं ऐकू आलं आणि माझा फोन बंद पडला. चार्जिंग खलास!

डॉक्टर? कसला डॉक्टर? मनात काहीतरी खुपलं. अण्णांचा फोन मागितला तर तो घरी चार्जिंगला लावलेला. शेठचा मागितला, पण मला सुजाताचा नंबर पाठ नाही. खोटं का बोलू, तुम्हाला तरी आहे का बायकोचा नंबर पाठ?

अण्णांना म्हटलं, "चला, निघू."

"का हो? तुमचा चेहरा असा का झालाय?"

"काही नाही. सुजाता डॉक्टर म्हणाली."

बोलायला नको होतं. अंबरनाथ मागे पडल्यावर अण्णा कानाशी हळूच म्हणाले, "सकाळी माईला जरा गरगरत होतं. म्हणाली, काही नाही, ॲसिडिटी आहे."

मी स्कूटर पळवली. पळवली म्हणजे किती, मागे पेसमेकर आणि पुढे खड्डे! प्रत्येक दणक्याला अण्णांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. 'हळू' म्हणत नव्हते, तेच जास्त भीतीचं होतं.

गल्लीत वळलो आणि करकचून ब्रेक दाबला. दारात ॲम्ब्युलन्स. ओट्यावर शेजारीपाजारी. आतून रडण्याचा आवाज.

"माई..." अण्णा म्हणाले आणि स्कूटर नीट थांबायच्या आत उतरले. मी "अण्णा, सावकाश!" म्हणतोय, तर हा माणूस गर्दी बाजूला सारत आत निघाला. पायातली चप्पल रस्त्यातच.

ओट्यावर बदलापूर गावातून आलेल्या यमूआत्या होत्या, अण्णांच्या थोरल्या बहीण. त्यांनी समोर चालत येणारे अण्णा बघितले आणि किंचाळल्या, "आरं देवा! बिनबॅटरीचा चालतंय!"

आतून माई धावत आल्या. आल्या त्या थेट अण्णांसमोर थांबल्या. त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि तसाच धरून उभ्या राहिल्या. अण्णांनी त्यांचा दंड पकडलेला.

"तुला काय झालंय?" अण्णांनी विचारलं.

"मला कुठे काय? तुम्हाला काय झालंय?"

"मला काय होणार?"

दोघांच्याही डोळ्यांत पाणी. आणि मग, काय सांगू, ती सगळी गर्दी एकाच वेळी माझ्याकडे वळली.

सुजाताने तिचा फोन माझ्या नाकासमोर धरला. मी माझाच मेसेज वाचला. 'बाजूने स्पंज कोंबतो' या ओळीला तर मीच कपाळाला हात लावला. मी मुकाट्याने पिशवीतून ती छोटी बॅटरी काढून सगळ्यांना दाखवली. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने ती निरखून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. त्याने शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? गप्प बसावं. मी बसलो का? छे! मला वाटलं, गाडी सुरू करून दाखवली की इज्जत परत येईल.

अण्णांना बायकांनी आत नेऊन सक्तीने आडवं केलं होतं. मी गाडीपाशी बसलो. बॅटरी डब्यात ठेवली, स्पंज लावला. लाल वायर गाडीच्या वायरिंगला, काळी बॉडीला. त्यात काय कळायचंय? आतून अण्णांचा आवाज आला, "जावईबापू, हिचं उलटं असतं हो! हिचा प्लस बॉडीला!"

पण हे वाक्य माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा मी चावी फिरवलेली होती.

चर्र! सीटखालून धूर. रबर जळल्याचा वास. शेजारी मागे पळाले, सुजाताने पाण्याची बादली आणली, मी ओरडतोय "पाणी नको, पाणी नको", आणि वायर उपसताना बोटं भाजून घेतोय. शेवटी एकदाचा धूर थांबला.

यमूआत्यांनी काळवंडलेल्या वायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माईंच्या पाठीवर हात ठेवला.

"बरा झाला गो बाय," त्या म्हणाल्या, "ती दुसरी बॅटरी बसवाला डाक्टर होता!"