अक्काचा करंडा

औषधांच्या खोक्यांवर ठिपक्यांचे चौकोन छापून यायला लागले, तेव्हा मालकांनी आम्हा बायकांना गोदामात खाली बसवलं आणि कंपनीच्या माणसाला समजावून सांगायला लावलं. मालकांचा नांदेडला औषधांचा ठोक धंदा आहे. ते मूळचे उदगीरचे, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मी तिथं खोकी भरते. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर नावं वाचता येतात.

तो माणूस म्हणाला, गोळी कारखान्यातून निघाली की ज्याच्या हाती जाईल त्यानं चौकोनावर मोबाईल धरून नोंद करायची. ती नोंद एका जागी राहत नाही, सगळ्यांच्या कम्प्युटरवर एकदमच जाते. मग एकट्याला ती खोडता येत नाही. मध्येच कुणी बनावट माल घुसवला तर उघडं पडतं. याला ब्लॉकचेन म्हणतात.

आमच्यातली म्हातारी मावशी म्हणाली, "म्हंजे सुपारी फुटल्यावानी की. चार गावचे पाहुणे बघून राहिले म्हणल्यावर कोण पलटतंय?"

"अगदी तसंच, मावशी."

"मग आधी सांगायचं नव्हं का. उगं तासभर विंग्रजी ऐकवली."

सगळ्या हसल्या. मला मात्र अक्काची सुपारी आठवली.

अक्का माझी थोरली बहीण, किनवटकडच्या एका खेड्यात दिलेली. तिला लहानपणापासून फिट येते. लग्न जमवताना आमच्या घरच्यांनी ते लपवलं. सुपारी चार गावच्या लोकांसमोरच फुटली, पण जे सांगितलंच नाही ते कुणाला कळणार? सासरी जाताना आईनं तिला शिकवून पाठवलं: गोळ्या पाकिटातून काढायच्या, कुंकवाच्या करंड्यात ठेवायच्या आणि पाकीट चुलीत घालायचं. दोन लेकरं झाल्यावर सासरच्यांना सगळं कळलं, बोलणी खाऊन झाली. करंडा मात्र तसाच राहिला.

गोळ्यांवर ती बरी होती. यंदा पावसाळ्यानंतर फिट परत यायला लागल्या. एकदा चुलीपाशी पडली आणि हात भाजला. सासू म्हणायला लागली, "माहूरला देवीपाशी नेऊन आणा, न्हाई तर माहेरी ठिवा." माहेरी आता कुणी उरलेलं नाही. मी आहे, भाड्याच्या एका खोलीत.

मी तिला नांदेडच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "बाई, हल्ली या गोळ्या बनावटही येतात. ती खोटी खात असेल आणि मी डोस वाढवला, तर पुढं खरी मिळाल्यावर झेपणार नाही. आधी खात्रीची गोळी द्या. ती खाऊनही फिट आली तर मला सांगा, मी वाढवतो. पण एक दिवसही चुकवू नका, जिवावर बेतेल."

खात्री कुठून आणायची? तिच्या गावचा दुकानदार पाकीट कात्रीनं कापून चार चार गोळ्या देतो. चौकोनाचा तुकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला जातो.

अप्पांशी बोलायला माझी जीभ वळत नाही. तरी एक दिवस त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं, आख्खं खोकं काढलं आणि स्वतः मोबाईल धरला. कारखाना, पुण्याचा साठा, आमचं गोदाम, सगळीकडं हिरवी खूण. "घे. हिला खोटी म्हणायची कुणाच्या बापाची टाप न्हाई," अप्पा म्हणाले.

दाजी कामानं नांदेडला आले होते, त्यांच्याकडं खोकं दिलं. अक्काला फोनवर सांगितलं, हीच खा, पाकिटातूनच खा.

"हाव गं, हाव," ती म्हणाली.

पुढं एका शुक्रवारी तिला परत फिट आली. मी रविवारी रेल्वेनं गेले. वाटेत मनात एकच होतं, आता डॉक्टरांना सांगता येईल की खरी खाऊनही आली. ते डोस वाढवतील आणि अक्का आपल्या घरी राहील.

"खोकं आण," मी म्हणाले.

अक्कानं देवळीतून करंडा आणला.

"अगं, पाकिटं?"

"चुलीत..." बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. "हात आपसूक गेला गं. इतकी वर्षं तेच करून राहिले."

"आणि जुन्या गोळ्या?"

"त्या बी ह्यातच हायत. थोड्या उरल्या होत्या."

मी करंडा ताटलीत उपडा केला. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या मधोमध तीच रेघ. कडांना जुनं कुंकू लागलेलं. मी एकेक उलटून पाहिली. त्यांत कारखान्यातून नीट आलेली कोणती आणि कापून आलेली कोणती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. शुक्रवारी तिच्या पोटात कोणती होती, तेही नाही.

बाहेरून सासूचा आवाज आला, "काय निवडून राहिल्या दोघी? तांदूळ हायत का?"

अक्कानं ताटली जवळ ओढली.

सगळ्या फेकून द्याव्यात असं मनात आलं. पण नवीन पाकिटं नांदेडहून येईपर्यंत तिनं काय खायचं? आणि सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करायची म्हटलं, तर सासू तेवढी थांबणार नव्हती.

दिवेलागणीला तिची गोळीची वेळ झाली. अक्कानं ताटलीतून एक गोळी उचलली, दाराच्या उजेडात धरली आणि माझ्याकडं पाहिलं. मला हो म्हणता येईना, नको म्हणता येईना. तिनं गोळी तोंडात टाकली आणि तांब्याकडं हात केला.