आई-सात

आमच्या ऑफिसात एक नियम आहे. भिंतीवर लिहिलेला नाही, पण नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवला जातो: बोट कधी चुकत नाही, काच चुकते. म्हणजे कुणी तक्रार केली की तुमच्या ॲपमध्ये रेघ तुटते, गेममध्ये गाडी वळत नाही, तर त्या माणसाला ‘नीट दाबा’ असं सांगायचं नाही. दोष आपला धरायचा आणि दुरुस्त करायचा. मला हा नियम फार आवडायचा. त्यावरच मी पोट भरलं, आणि वर तोराही मिरवला.

माझं काम सांगायला सोपं आहे, करायला डोकं फिरवणारं. चित्रं काढायचं आणि छोटे छोटे गेम खेळायचं आमचं एक ॲप आहे. ते नाना तऱ्हेच्या फोनवर आणि टॅबवर चालतं, आणि प्रत्येकाची काच निराळी. एकीला बोट नुसतं जवळ आलं तरी कळतं, दुसरीला दोनदा सांगावं लागतं. स्वस्तातल्या फोनची काच कडेला बहिरी असते. स्क्रीनगार्ड लावला की आणखी नखरे. या सगळ्यांवर एकच बोट सारखं चाललं पाहिजे, एवढं मी बघते. चिंचवडच्या ऑफिसात माझ्या टेबलाचा खण फोनांनी भरलेला असतो आणि मी दिवसभर त्यांच्यावर रेघा ओढत असते. शेजारचा म्हणतो, “मॅडम, एवढ्या रेघा कागदावर ओढल्या असत्या तर चित्रकार झाला असतात.” मी म्हणते, “तू तुझं बघ.”

घरी काळेवाडीत मी आणि आई, दोघीच. आई लातूरकडची. लग्न होऊन इकडे आली आणि वडील गेल्यावर चाकणला वायरिंगच्या कंपनीत लागली. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो तो बांधायचं काम. समोर एक मोठा फळा, त्यावर खुंट्या. लाल, पिवळी, हिरवी वायर ठरलेल्या वाटेनं न्यायची, फाटे फोडायचे आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी नाही, तिच्या लाइनवरच्या बायका सांगायच्या. ती रिटायर झाली तेव्हा त्यांनी तिला साडी दिली आणि सुपरवायझर रडला म्हणे. आई म्हणाली, “रडंल न्हाई तर काय, आता त्याला चार बाया ठिवाव्या लागतील.”

रिकामं बसणं तिला जमेना. मी ऑफिसातला एक जुना टॅब आणून दिला. वाटलं, बुडबुडे फोडायचा गेम खेळेल, रांगोळ्या काढेल. गेम ती खेळली, पण रांगोळी वगैरे काही काढली नाही. तिनं फळा काढला. आठवणीतला कंपनीचा फळा, सगळ्या वायरींसकट. लालशेजारी पिवळी, पिवळीशेजारी हिरवी, कुठेही एकीवर एक न चढता, बरोबर जागी फाटा. सोसायटीतल्या बायकांना वाटलं साडीच्या काठाचं डिझाइन आहे. आईनं कुणाचा गैरसमज दूर केला नाही. एक झाला की दुसरा काढायची, दुसऱ्या गाडीचा. “विसरायच्या आत काढून ठिवते,” म्हणायची.

दिवाळीनंतर तिनं पहिली तक्रार केली. “ह्याला माझं बोट कळंना गं. रेघ मधीच तुटायलीय.”

मला तर आनंदच झाला. घरातच गिऱ्हाईक! तिची बोटं चिकटपट्टीनं वर्षानुवर्षं घासलेली, कोरडी पडलेली. काचेला ती नीट लागत नसणार. मी त्या टॅबवर काचेचा कान जरा तिखट केला, म्हणजे बोट निसटतं टेकलं तरी धरायचं. रेघ जुळली. त्या सेटिंगला मी नाव दिलं, आई-एक.

मग रेघ थरथरायला लागली. मी म्हटलं, टॅब जुना झाला. थरथर गाळून टाकणारी सेटिंग वाढवली. आई-दोन. मग गेममध्ये बुडबुडा दाबला की शेजारचा फुटायचा. मी प्रत्येक बुडबुड्याभोवतीची जागा मोठी केली, म्हणजे जवळपास दाबलं तरी चालेल. आई-तीन. मग तिचा तळवाच काचेवर टेकायला लागला आणि नको तिथे रेघा उमटायला लागल्या. तळवा ओळखून सोडून द्यायला शिकवलं. आई-चार. मध्येच चार दिवस टॅबऐवजी माझा जुना फोन दिला, तर तिथेही तेच रडगाणं. मी मनात म्हटलं, ही काचसुद्धा तसलीच. आई-पाच. आई-सहा. आणि आई-सात म्हणजे माझी कमाल होती. आधीच्या वायरी कुठल्या दिशेनं गेल्यात ते बघून नवी रेघ कुठे जायचीय याचा अंदाज घ्यायचा आणि तिला हळूच तिकडे नेऊन बसवायची. ऑफिसात दाखवलं तेव्हा साहेब टाळ्या वाजवायचे बाकी राहिले होते. पुढच्या आवृत्तीत ते सगळ्यांसाठी गेलंच, फक्त नाव बदलून. ‘मऊ हात.’

आई खूश होती. शेजारणीला दाखवायची, “बघा, आता हात बसलाय माझा. आधीपेक्षा सरळ यायलंय का न्हाई?” यायलं होतंच. मी कॉलर ताठ करून फिरत होते.

त्याच दिवसांत ती ब्लाउजचे हुक लावताना वैतागायला लागली. मी म्हटलं, हल्लीचे हुकच भिकार. किल्ली कुलपात जाईना. मी कुलपात तेल घातलं. आणखी एक दिवाळी गेली, आणि संक्रांतीला तिचे तिळाचे लाडू वळले जाईनात, भुगा व्हायचा. मी म्हटलं, गूळ चांगला नाही, दुकान बदलू. आणि खरोखर बदललं, राव! कसली हुशार मी! सगळ्या जगाची दुरुस्ती करत सुटले होते.

संक्रांत झाल्यावर एका शनिवारी दुपारी मी घरी लॅपटॉप घेऊन बसले होते. नव्या आवृत्तीच्या चाचणीला म्हाताऱ्या माणसाच्या हाताचा नमुना हवा होता. आमचं ॲप रेघ सरळ करतं, पण मूळ बोट कुठून कुठे गेलं तेही जपून ठेवतं. कुणाला नंतर सेटिंग बदलावी वाटली तर सोय म्हणून. आईचे सव्वा वर्षाचे फळे माझ्याकडे होते. मी सगळ्या सेटिंग बंद केल्या आणि एकेक फळा उघडत गेले.

पहिला फळा ठीक होता. कोरड्या बोटाच्या दोन-चार तुटक जागा, बस्स. चौथ्या-पाचव्याला लाल वायर पिवळीला घासून गेली होती. पुढे वायरी एकमेकींत शिरल्या. फाटे भलतीकडे फुटले. आणि शेवटच्या, गेल्याच आठवड्यातल्या फळ्यावर वायर म्हणण्यासारखं काही नव्हतंच. रंगीत ठिपक्यांचा नुसता सडा. मी वेड्यासारखी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले, जणू दुसऱ्यांदा बघितल्यावर वेगळं दिसणार होतं. माझ्या डोळ्यांसमोर तिचा हात जात होता आणि मी सव्वा वर्ष त्याच्यावर रंग मारत बसले होते.

आई मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही.

“हे कुण्या लेकराचं गं?” तिनं विचारलं.

मला खोटं सुचायला हवं होतं, सुचलं नाही. “तुझं,” मी म्हटलं.

“माझं कसं असंल? माझं हे बघ की.” तिनं आपला टॅब पुढे केला. तोच फळा, त्यावर सुतासारख्या सरळ वायरी.

“ते तू नाही काढलेलं, आई.”

“मग कुणी काढलं?”

“मी.”

ती पलंगावर टेकली. लॅपटॉपकडे बघितलं, टॅबकडे बघितलं, मग आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. “बरं,” म्हणाली. नंतर पुन्हा एकदा, “बरं.” आणि चहा ठेवायला उठली.

सोमवारी मी रजा टाकून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला मूठ उघड-मीट करायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं, हातोडीनं सांध्यांवर टिचक्या मारल्या. अंगठ्याखालचा मांसल भाग बसत चाललाय हे त्यांनी दाखवलं तेव्हा मला दिसलं. रोज त्याच हाताची भाकरी खात होते मी! त्यांनी विचारलं, “कधीपासून आहे हे?”

“झाले असतील दोनेक म्हैने,” आई म्हणाली.

“सव्वा वर्ष,” मी म्हटलं.

“इतकं नक्की कसं सांगता?”

मी लॅपटॉप उघडला. आई-एकपासून आई-सातपर्यंत कधी काय बदललं, सगळं ओळीनं होतं. ते एकेक फळा बघत गेले. मग म्हणाले, मानेच्या मणक्यात नस दबलीय असं दिसतंय, फोटो काढू. ऑपरेशन केलं तर आहे तिथे थांबेल. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. “इतकी व्यवस्थित नोंद असून तुम्ही आधी का नाही आलात?” असं त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं. मी काय सांगणार, डोंबल? की आमच्यात बोटाला दोष द्यायची पद्धत नाही?

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी मी खालून चहा घेऊन वर आले तर पडद्याआड आई शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत होती. त्या बाईचा गुडघा बदलला होता आणि तिला सगळ्यांचं सगळं ऐकायचं असायचं. “तुम्हाला आधी काही कळलंच नाही का हो?” ती विचारत होती.

“कळत कसं न्हाई,” आई म्हणाली. “वर्षभर मुंग्या यायल्या होत्या हाताला. कवा कवा तर हात हाय का न्हाई तेच कळत नव्हतं. भ्याव वाटायचं. मग टॅब घेऊन बसायचे. रेघ सरळ यायची. म्हटलं, हाताला काय होतंय, रेघ तर सरळ यायलीय.”

“लेकीला नाही सांगितलं?”

“आता सांगून काय करू? खुळी हाय ती, मनाला लावून घेईल. तुमी बी सांगू नका.”

मी पडद्याबाहेर उभी. हातातला चहा सांडला, बोटांवर सांडला, ते पोळल्याचंही नंतर कळलं. मग पडदा सारला आणि म्हटलं, “काय गप्पा चालल्यात?” आई म्हणाली, “काय न्हाई, ह्यांच्या सुनंच्या.” मी कप तिच्या तोंडाला लावला. ती म्हणाली, साखर कमीय.

‘मऊ हात’ अजून चालू आहे. लोकांना तो फार आवडतो. कौतुकाचे निरोप येतात: आमच्या आजोबांचा हात पुन्हा बसला, आमच्या काकू आता किती सुरेख काढतात. ऑफिसात ते मोठ्यानं वाचले जातात आणि मी कानाला हेडफोन लावते. मी साहेबांना म्हटलं, एखाद्याचा हात महिन्यामागून महिना बिघडत चालला असेल तर त्या माणसाला तसं सांगूया. ते म्हणाले, आपण डॉक्टर नाही, लोक घाबरतील. मी चिडले, आवाज चढवला, दोन दिवस सगळे माझ्याशी जपून बोलत होते. गोष्ट तिथेच अडकलीय. कुठल्या कुठल्या घरात, कुणाच्या कुणाच्या बोटाखाली माझी ती सेटिंग रेघ सरळ करत बसली असेल, या विचारानं मी जेवताजेवता थांबते. साहेबांना रोज एक मेल करते. ते उत्तर देत नाहीत, तरी करते.

आईचा हात थोडा सुधारलाय. राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचा व्यायाम करते आणि खाली सांडला की मलाच शिव्या घालते. मुंग्यांची गोष्ट मी पडद्यामागून ऐकली होती, हे मी तिला सांगितलेलं नाही. ती मला जपते, मी तिला जपते, आणि दोघी एकमेकींपासून तेच लपवतो.

फक्त रोज सकाळी तिची वेणी घालताना मी विचारते, “आज मुंग्या आहेत का गं?”

“न्हाईत,” ती म्हणते. लगेच म्हणते, विचार न करता.

आणि मला ते खरं मानता येत नाही.