काचेतल्या गाडीची सीट

दूध उतू जाऊ नये म्हणून एक डोळा गॅसवर आणि दुसरा आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्यावर, अशी सीटवाल्या काकूंची सकाळ गेली चार वर्षं चालत आली होती. त्या दिवशी काकांना पाच हाका माराव्या लागल्या. महिन्यापूर्वी एकीत काम व्हायचं. खरं तर हाकेच्या आधीच ते छताकडे बघत जागे असायचे. मग दोन लागायला लागल्या, मग तीन. पाचव्या हाकेलाही पापणी हलली नाही तेव्हा काकूंनी खांदा धरून हलवलं. खांदा गार होता, लांबवर वारा खाऊन आलेल्या माणसाचा असतो तसा. डोळे उघडले आणि त्यांतून पाणी ओघळलं.

"कुठे होतात?"

"इथंच की. मी कुठे जाणार?"

त्यांच्या भुवईत एक चिलट चिकटलं होतं. खिडकीला तर बारीक जाळी होती. काकूंनी पदराने ते पुसलं, आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात काचवाले साहेब उभे होते. छातीशी काहीतरी शालीत गुंडाळून धरलेलं, तान्हं बाळ आणावं तसं.

"वहिनी, काम तुमच्याच हातचं आहे," ते म्हणाले आणि शाल उलगडली. आत एका मोटारसायकलची सीट होती. लालबुंद इटालियन गाडीची, जिच्यासाठी साहेबांनी घरात काचेची खोली बांधून घेतली होती.

त्या गाडीला काकू ओळखून होत्या. चौदा वर्षांपूर्वी ती लाकडी खोक्यातून आली तेव्हा जोडायला काकांनाच बोलावलं होतं. काकांनी जन्मभर शेकडो गाड्या खोलल्या, बसवल्या, चालवून पाहिल्या. पण त्या रात्री जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, ती उभी असली तरी धावत असते," म्हणाले. "टाकी अशी, की तिच्यावर छाती टेकली की आपलं काळीज कुठलं आणि तिचं कुठलं कळू नये. आणि तो क्लच! डब्यात खडे घालून हलवावेत तसा खडखडतो. दुसऱ्या गाडीचा असा वाजला तर मी उघडून बसेन. हिचा ऐकतच बसलो."

काम झाल्यावर त्यांनी साहेबांकडे एकच गोष्ट मागितली होती. कोपऱ्यापर्यंत एक फेरी. साहेब नाही म्हणाले. कारखान्यातून येतानाच आकडा सात किलोमीटर होता, तो आठ झाला की गाडी वापरलेली ठरते. काकांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. ज्या माणसाला तीस वर्षांत एकाही गाडीने पाडलं नाही, तो चार वर्षांपूर्वी घरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडला. डावा खुबा मोडला, वाकडाच जुळला आणि काका अंथरुणाला खिळले. "स्टुलाला ब्रेक नव्हता," असं ते पहिली एक-दोन वर्षं सांगत. नंतर तेही बंद झालं. भिंतीकडे तोंड करून पडायचे.

"झालंय काय हिला?" काकूंनी सीट हातात घेत विचारलं.

"दबलीये. रविवारी लांबून एक संग्राहक बघायला येतोय. त्याला कोणी कधी बसलंच नाही अशी गाडी हवी. आणि बसलेलं नाहीच कोणी. किल्ली माझ्या गळ्यात असते. आकडा सातच आहे. नव्या टायरवर रबराची बारीक केसं असतात ना, तीही शाबूत आहेत."

"तुम्ही बसला असाल."

"मी? माझे पाय टेकत नाहीत, वहिनी."

"मग घेतलीत कशाला?"

साहेब ओशाळून हसले. "बघायला. तुमच्या ह्यांच्यासारखी माणसं तिला चालवायला जीव टाकतात. माझ्यासारखा तिला कोणी चालवू नये म्हणून जपतो. वेड एकच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "महिनाभर सकाळी सायलेन्सर कोमट लागतोय. ऊन येत नाही तिथे. तुम्हाला म्हणून सांगितलं. बायको म्हणते, डोकं दाखवून घ्या."

जाता जाता ते काकांच्या दाराशी डोकावले. काकांनी विचारलं, "क्लच खडखडतो का हो अजून?"

"कोणास ठाऊक. चार वर्षं इंजिन लावलंच नाही. तुमच्यानंतर लावणार कोण?"

"खडखडतो," काका म्हणाले आणि हसले. ते हसल्याला कित्येक महिने झाले होते.

साहेब गेल्यावर काकूंनी सीट मशीनशेजारच्या फळीवर पालथी टाकली. पिना एकेक करून उपसल्या, कव्हर सोलून काढलं. ह्या कामात त्यांना एक वेगळीच विद्या साधली होती. फोमवर तळहात फिरवला की बसणारा माणूस कळायचा. हा एका अंगाला कलतो, ह्याच्या खिशात जाड पाकीट असतं, हिच्या मागे कोणीतरी बसायचं, हल्ली बसत नाही. एका गिऱ्हाइकाला त्या म्हणाल्या होत्या, "उजवा गुडघा दाखवून घ्या." तो रागावून गेला आणि महिन्याने काठी टेकत आला, कसं कळलं ते विचारायला.

आता त्यांनी डोळे मिटून हात फिरवला. उजवीकडे उथळ. डावीकडे दोन बोटं खोल, आणि तो खळगा थोडा मागे सरकलेला. हात जागच्या जागी थांबला.

काकांच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांच्या गादीचा फोम काकूच कापत. पंधरा दिवसांनी खळगा पडलेला तुकडा काढायचा, नवा घालायचा. मापासाठी खाकी कागदावर खळग्याची आकृती उतरवून ठेवायची. त्यांनी तो कागद आणला आणि सीटवर ठेवला. रेषेवर रेष बसली.

मग त्या आत गेल्या, काकांना कुशीवर वळवलं आणि त्यांच्या खालचा फोम चाचपला. तुकडा घालून महिना होत आला होता. बदलायचं कसं राहिलं, हे त्यांना आत्ता उमगलं: गरजच पडली नव्हती. फोम दुकानातून आणल्यासारखा सपाट होता. त्यावर कोणी निजलंच नसावं असा.

"काय शोधतेयस?" काकांनी विचारलं. गाल लाल होते, वाऱ्याने भाजल्यासारखे.

"काही नाही."

दुपारभर काकू नव्या फोमचा ठोकळा समोर घेऊन बसल्या. सुरी हातात, पण चालवेना. सपाट कापला तर काम चोख, साहेब खूश. काकांनाही पुन्हा एका हाकेत जाग येईल, आणि ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. खळगा ठेवला तर ते हसतील. पण आज पाच हाका लागल्या होत्या. एक दिवस अशी सकाळ उगवेल की हलवूनही काही होणार नाही, हे सांगायला त्यांना कोणी वैद्य नको होता.

शेवटी त्यांनी सुरी उचलली. कडक फोम कापला, डाव्या अंगाला दोन बोटं खोल, जरा मागे सरकवून पोकळी कोरली. पोकळीत मऊ फोम भरला. वरून पातळ थर चिकटवून सगळं एकसारखं घासलं. कव्हर चढवलं, पिना ठोकल्या. बघणाऱ्याला सीट कोरी दिसावी. बसणाऱ्यालाच जागा मिळावी.

ऊन कलायच्या सुमाराला त्या सीट घेऊन आत गेल्या आणि ती काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी आधी नुसतं बघितलं. मग उजवीकडे तळहात दाबला. मग डावीकडे. हात आत गेला, आणि त्यांनी मान वर केली. खोलीत पेट्रोलचा वास होता, अगदी पुसट.

"तुला कळलंय," काका म्हणाले.

"तुमचा खुबा मला नाही कळणार तर कोणाला? रविवारी कोणी घेऊन गेला तर?"

"लांब पडेल. पण जाता येईल, असं वाटतं."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी सीटवरचा दोऱ्याचा तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला.

"जा," त्या म्हणाल्या. "मी अडवणार नाही. फक्त सकाळी मी हाक मारायच्या आत परत येत जा."